रेरा नंबर आहे, मग पैसे देऊ का?

"मॅडम, रेरा नंबर हाय की. मग द्यायचे ना पैसे?"

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न मला येतो. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले काका विचारतात, मिरजेत दवाखान्यात काम करणारी सिस्टर विचारते, पुण्यात नोकरीला असलेला एखादा मुलगा आईवडिलांसाठी विश्रामबागला फ्लॅट बघताना फोन करून विचारतो. मी सिव्हिल इंजिनिअर. सांगली-मिरजेत वीस वर्षं साइटवर काढली, आणि गेली काही वर्षं बिल्डरांच्या प्रकल्पांना खर्चाचे दाखले देते. रेराच्या खात्यातून पैसे काढायला तीन सह्या लागतात, त्यातली एक माझी असते. म्हणून हिला आतलं माहीत असणार, असं लोकांना वाटतं. पण दुकानाच्या पायरीवर उभं राहून 'हो' किंवा 'नको' एवढंच सांगण्यासारखं हे उत्तर नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते.

रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीचा केंद्राचा कायदा, आणि महारेरा म्हणजे त्याखाली आपल्या राज्यात नेमलेलं प्राधिकरण. नंबर आहे म्हणजे त्या प्रकल्पाची तिथे नोंदणी झाली आहे. इमारत चांगली होईल, वेळेत होईल, अशी हमी त्यात महारेराने दिलेली नसते. बिल्डरने जागेचे कागद, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, जागेवरचा बोजा, चालू खटले हे सगळं दाखल केलं, काम कधी पुरं होईल ती तारीख स्वतः लिहून दिली, आणि ते कुणालाही घरबसल्या वाचता येईल असं ठेवलं. वाचायचं काम आपलं. ते न वाचता नुसता नंबर बघून पैसे देणं म्हणजे सातबारा न उघडता त्याच्या गट नंबरवर जमीन घेणं.

हा कायदा यायच्या आधी काय होतं ते मी घरातच पाहिलंय. माझ्या आईवडिलांनी आयुष्यभराच्या बचतीतून फ्लॅट घेतला तेव्हा पावतीवर लिहिलं होतं 'सुपर बिल्टअप 850 चौरस फूट'. ताबा मिळाल्यावर मी स्वतः टेप लावून खोल्या मोजल्या. आत वापरायला मिळत होते सहाशेच्या आसपास. उरलेले फूट जिन्यात, लॉबीत आणि बिल्डरच्या कॅल्क्युलेटरमध्ये होते. आई काही बोलली नाही. तिने देव्हाऱ्याची जागा बदलली, कपाट विकलं. मी इंजिनिअर असून सही करायच्या आधी नकाशा मागितला नव्हता, ही बोच मला अजून आहे.

कायदे तेव्हाही होते. महाराष्ट्रात फ्लॅटमालकीचा कायदा 1963 पासून आहे. पण दाद मागायची तर ग्राहक मंच नाही तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे जायचं म्हणजे वर्षांची बेगमी करून जायचं. केंद्राचा रेरा कायदा 2016 साली झाला आणि 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्याकडे महारेरा त्याच वर्षी उभं राहिलं. आता किंमत कार्पेट एरियावर सांगावी लागते, आणि कार्पेट म्हणजे काय हे कायद्यातच लिहिलंय: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून आतली वापराची जागा, आतल्या आडभिंती धरून. आईच्या वेळी ही एक ओळ असती तर, असं मला दर वेळी वाटतं.

आता ज्या सहीचा उल्लेख केला तिच्याबद्दल, कारण या कायद्याचा कणा मला तिथे दिसतो. पूर्वी धंद्याची रीतच अशी होती, की या साइटच्या बुकिंगचे पैसे त्या जागेच्या इसाराला जायचे. तिसरी साइट उभी राहिली की पहिलीचा गिलावा व्हायचा. बाजार चढता असेपर्यंत हे चक्र फिरायचं. बाजार बसला की पहिल्या साइटवरची माणसं बिनखिडक्यांच्या इमारतीकडे बघत घरभाडंही भरायची आणि कर्जाचा हप्ताही. रेराने सांगितलं, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. ते फक्त त्याच प्रकल्पाच्या जागेसाठी आणि बांधकामासाठी, झालेल्या कामाच्या प्रमाणातच काढायचे. किती काम झालं ते आर्किटेक्ट लिहितो, त्यावर खर्च किती झाला ते इंजिनिअर, आणि हिशेब जुळतो की नाही ते सीए. उरलेल्या 30 टक्क्यांवर बिल्डरला मोकळीक असते.

एकदा एका साइटवर प्लिंथ, म्हणजे जोतं, झालेलं, पहिला स्लॅब नुकताच पडलेला. बिल्डर म्हणाला, "मॅडम, तीन स्लॅबचा खर्च धरा. पुढच्या दोन महिन्यांत पडणारच आहेत." त्याला दुसऱ्या जागेचा इसार द्यायचा होता, हे मला ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून धंदा असाच चालत आलेला. मी त्याला एवढंच म्हटलं, "दादा, त्या खात्यात बावीस घरांचे पैसे आहेत. स्लॅब पडला की त्याच दिवशी सही करते." ते काम माझ्याकडून गेलं. वर्षभराने त्याचाच फोन आला, पुढच्या साइटचे दाखले द्याल का म्हणून. त्या दिवशी मला जे बरं वाटलं ते कुठल्याही फीपेक्षा मोठं होतं.

बिल्डरांची बाजूही सांगायलाच हवी. आपल्याकडचे बहुतेक बिल्डर मुंबई-पुण्यासारखे नाहीत. दोन भाऊ, एक सुपरवायझर, बायकोच्या नावावरची जागा, असा त्यांचा पसारा. दर तिमाहीला माहिती भरायची, वर्षाचं ऑडिट करायचं, मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोनतृतीयांश ग्राहकांची लेखी संमती घ्यायची, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत दोष निघाला तर स्वखर्चाने दुरुस्त करायचा. हे ओझं आहेच. पण कायदा एकाच बाजूचा नाही. ग्राहकाने हप्ता थकवला तर त्यालाही व्याज लागतं, आणि दर दोघांना एकच: स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरच्या, म्हणजे कर्जाच्या पायाभूत व्याजदराच्या, वर 2 टक्के. पूर्वीच्या करारनाम्यांत ग्राहकाला दंड म्हणून भलता दर असायचा आणि बिल्डरच्या उशिराला चौरस फुटामागे चार-पाच रुपये. ती तफावत गेली. महापुरासारखी आपत्ती आली तर मुदतवाढीची सोयही कायद्यात आहे. 2020 साली कोरोनात महारेराने सहा महिन्यांची मुदत दिली होती.

सांगलीत मात्र एक वेगळीच अडचण आहे. बरेचदा बिल्डर म्हणतो, "आपल्याला रेरा लागतच नाही." आणि ते खरं असतं. जागा 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतली जागा सुटते. आता तुम्हीच बघा, आपल्या गल्ल्यांत पाच गुंठ्यांवरचे प्लॉट किती आणि आतले किती. अशा ठिकाणी 1963 चा कायदा आणि ग्राहक आयोग हाच आधार. तिथे नंबर नाही म्हणून माणूस खोटा, असं नसतं. पण कागद तुमचे तुम्हालाच जमवावे लागतात: वकिलाचा सर्च रिपोर्ट, प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेचा मंजूर नकाशा, आणि जागामालक वेगळा असेल तर विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र. एक पळवाट मात्र चालत नाही. आठाची मोजणी सगळे टप्पे धरून होते. मोठ्या जागेवर आठ-आठ फ्लॅटच्या दोन इमारती बांधून 'वेगवेगळ्या' म्हणता येत नाहीत.

नंबर असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तो टाका. सगळं वाचायला वेळ नसेल तर काम पुरं होण्याच्या दोन तारखा बघा, पहिली दिलेली आणि सुधारित. त्या दोन्हींतलं अंतर बिल्डरच्या तोंडच्या शब्दापेक्षा जास्त बोलतं. मग किती फ्लॅट विकले गेलेत ते बघा, बँकेचा बोजा बघा. आणि हे सगळं झालं की जागेवर जा. मंजूर नकाशा कागदावर दिसतो, पण ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा त्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, हे समोरच्या किराणा दुकानदारालाच माहीत असतं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. पुराची निळी रेषा, लाल रेषा कुठून जाते ते महापालिकेत विचारा, आणि दुकानदाराला भिंतीवरची खूण दाखवायला सांगा.

आता पैशांचं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 40 लाखांचा फ्लॅट असेल तर चार लाख. त्यापुढचा एक रुपयाही द्यायचा तर आधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करारनामा नोंदवायचा. पुढचे हप्तेही कामाला बांधलेले आहेत: राज्याच्या आदर्श करारनाम्यात करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, प्लिंथला 45, सगळे स्लॅब पडले की 70. बिल्डर 'आत्ता भरलं तर सूट देतो' म्हणाला तरी घाई करू नका. कामाच्या पुढे गेलेला पैसा परत मागायला फार जड जातं.

आणि ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले, ते 'वरचे' पैसे.

आमच्याच भागातले एक निवृत्त शिक्षक. फ्लॅट ठरला 38 लाखांना. करारनाम्यात 30, वरचे आठ रोख. "स्टँप ड्युटी वाचेल गुरुजी, तुमचाच फायदा," असं त्यांना सांगितलं गेलं. नोंदणी होती, नंबर होता, सगळं रीतसर दिसत होतं. दोन वर्षं उलटली, काम चौथ्या स्लॅबवर थांबलं. गुरुजींनी पैसे परत घ्यायचं ठरवलं. कायदा त्यांच्या पूर्ण बाजूने होता. ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय. थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. पण हा हक्क चालतो तो कागदावरच्या पैशांवर. आठ लाखांची नोंद होती बिल्डरच्या खिशातल्या डायरीत. गुरुजींना तक्रारीत ते लिहिताही येईनात. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यातच मनाई आहे, म्हणजे देणाऱ्याने कुणाकडे बोट दाखवायचं? ते आठ लाख ग्रॅच्युइटीतले होते. बँकेतून दिलेले पैसे पुढे तडजोडीत मिळाले, ते आठ लाख गेले. ज्या माणसाने चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, तो माझ्यासमोर बसून "मला वाचता येत होतं गं" म्हणाला. त्यावर माझ्याकडे शब्द नव्हते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी नंबरच्या आधी हे विचारते: वरचे किती मागितलेत? मागितले असतील तर तो सौदा सोडा. हे मी जीव तोडून सांगते.

तक्रार करायची वेळ आलीच तर मुंबईला हेलपाटे घालावे लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी पाच हजार रुपये. त्याआधी सलोखा मंचाकडेही जाता येतं. तिथे ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटना, दोन्हींची माणसं बसतात. आदेश तुमच्या बाजूने झाला तरी पैसे लगेच हातात पडतील, असं धरून चालू नका. बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्याला तहसीलमध्ये पाठपुरावा लागतो, तोही चिकाटीने. बिल्डर अपिलात गेला, तर ग्राहकाला द्यायची रक्कम व्याजासह आधी न्यायाधिकरणात भरावी लागते. नुसता वेळ काढण्यासाठी अपील करणं त्यामुळे अवघड झालंय, आणि मला वाटतं कायद्यातली ही एक फार मोलाची जागा आहे.

मिरजेच्या त्या सिस्टरबाई गेल्या महिन्यात नकाशा, करारनाम्याचा मसुदा आणि बँकेचं पत्र घेऊन आल्या होत्या. मसुद्यात पार्किंगचा नुसता 'एक' लिहिला होता. कुठलं, किती लांब-रुंद, काही नाही. आम्ही ते लिहून घ्यायला लावलं. बिल्डरने एका दिवसात दुरुस्त करून दिलं. तुमच्याकडेही असा मसुदा असेल तर शनिवारी दुपारी मी ऑफिसात असते. येताना नुसता नंबर नको, कागद घेऊन या. आणि टोकन दिलं असेल तर त्याची पावतीही.