गरम झाल्यावर मुका होणारा रेडिओ

तीन माणसांनी मिळून तो माझ्या टेबलावर चढवला. आरसीए कंपनीचा एआर-88डी, वजन साधारण 45 किलो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या श्रवण केंद्रांवर शत्रूचे बिनतारी संदेश टिपायला हे रिसीव्हर वापरत. 14 व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या, तापून चालणाऱ्या नळ्या), सहा बँड, 535 किलोहर्ट्‌झपासून 32 मेगाहर्ट्‌झपर्यंत. हा नग काकांनी तरुणपणी भंगाराच्या भावात घेतलेला.

"सकाळी लावला की वीस मिनिटं झकास, मग हळूहळू मुका होतो," काका म्हणाले. "बंद करून तासाभराने लावला की परत वीस मिनिटं."

इतका जुना सेट मी थेट मेनला कधीच लावत नाही. सिरीजमध्ये 100 वॅटचा बल्ब टाकला. बल्ब आधी भडकला, मग मंदावला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत. मग बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज दिलं. रेडिओ मस्त वाजला आणि बरोबर बाविसाव्या मिनिटाला आवाज बसायला लागला.

मी व्हॉल्व्हवर संशय घेतला आणि तिथेच दुपार घालवली. यातले 6एसजी7 व्हॉल्व्ह लोखंडी कवचाचे, आतला फिलामेंट पेटलाय की नाही ते दिसतच नाही. तापलेले व्हॉल्व्ह फडक्यात धरून एकेक बदलले, बोटं भाजून घेतली. फरक शून्य.

मग शहाण्यासारखं मागून पुढे, म्हणजे स्पीकरकडून अँटेनाकडे आलो. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला बोट लावलं तर स्पीकरमध्ये घूंऽऽ, म्हणजे ऑडिओ ठीक. सिग्नल जनरेटरवरून 455 किलोहर्ट्‌झ शेवटच्या आयएफ व्हॉल्व्हला (आयएफ म्हणजे स्टेशनचा सिग्नल ज्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणून वाढवतात ती) दिले, आवाज दणदणीत. त्याच्या आधीच्या व्हॉल्व्हला दिले तर आवाज वाढायचा सोडून जेमतेमच. त्या व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे आतल्या एका जाळीवर, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या निम्मंसुद्धा व्होल्टेज नव्हतं.

स्क्रीनचं व्होल्टेज कोण खातंय? तिथला रेझिस्टर तापून ओहममध्ये चढला होता खरा, पण थोडासाच. उरला बायपास कंडेन्सर, तिथला नको असलेला सिग्नल अर्थकडे वळवणारा. या सेटमध्ये ते पत्र्याच्या चपट्या डब्यांत येतात, एका डब्यात तीन, आत तेलात भिजलेला कागद. सेट बंद केला, फिल्टर कंडेन्सर डिस्चार्ज केले (हे विसरलात तर तो आठवण करून देतो), डब्याची एक वायर सोडवली आणि मल्टिमीटर लावला. कंडेन्सर ठणठणीत! क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर बॅटरीचे दोन-चार व्होल्टच देतो. या कंडेन्सरला मात्र रोज शंभरावर व्होल्ट सोसायचे असतात, तेही तापलेल्या चासीत, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्यात. कपाटातून 250 व्होल्टचा हाताने फिरवायचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासायचं यंत्र) काढला. डबा अजून कोमट होता. हँडल फिरवताच काटा शून्याकडे धावला, म्हणजे कंडेन्सर गळत होता. तासाभराने थंड डब्यावर फिरवला, तर काटा वर चढून बसला, गळती नाही. काकांची वीस मिनिटं सापडली.

हे तेल कसलं असेल भरवसा नाही, म्हणून हातमोजे घातले. डबा फोडला नाही, जागेवरच ठेवला. फक्त त्याच्या वायरी तोडल्या आणि चासीखाली 630 व्होल्टचे पॉलिस्टर कंडेन्सर डागले. वरून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळायचं नाही. एक डबा गेला म्हणजे बाकीचेही रांगेत, म्हणून तेही उरकले. चढलेला रेझिस्टरही बदलला.

संध्याकाळी काका आले. 7 मेगाहर्ट्‌झवर हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, गप्पा मारत होती. अशा सेटवर एसएसबी (हॅम लोकांची बोलण्याची पद्धत, यात मूळ कॅरियर लहर पाठवतच नाहीत) ऐकायला बीएफओ (ती लहर सेटमध्येच तयार करणारा भाग) लावायचा, आरएफ गेन (अँटेनाकडच्या सिग्नलची वाढ) खाली आणि व्हॉल्यूम वर करायचा. उलट केलंत तर नुसतं बदकांचं संमेलन. काकांनी मला काही करूच दिलं नाही. ट्यूनिंगच्या नॉबला झोका दिला, मागचं जड फ्लायव्हील काटा सरसर घेऊन गेलं, आणि बोटाच्या टेकणीने तो नेमका स्टेशनवर थांबला. आम्ही दीड तास ऐकत बसलो. मी घड्याळ बघत होतो, ते बघत नव्हते.

"बिल किती?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला, त्यांनी घासाघीस केली नाही. मग रेडिओकडे बघत म्हणाले, "पण हा उचलायला आता माणसं कुठून आणायची रे? सकाळची तिघं कधीच घरी गेली."