दोन शिड्यांचं चर्च

बेथलेहेम एका दुपारी उरकलं. गालीलचा समुद्र काठावरून कमी आणि बसच्या खिडकीतून जास्त पाहिला. ते सगळं राहू दे. लिहायचंय ते जेरुसलेमच्या पवित्र कबरेच्या चर्चबद्दल.

मी प्रोटेस्टंट, बायको कॅथलिक. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी रविवारी ती मिस्साला जाते, मी उपासनेला. निदान जिथे येशूला क्रुसावर दिलं आणि कबरेत ठेवलं असं मानतात, तिथे तरी दोघं शेजारी गुडघे टेकू, एवढीच भाबडी इच्छा होती.

गेलो तो नेमका रविवार. कबरेच्या पाठीला टेकलेल्या चिमुकल्या जागेत कॉप्टिकांची, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्त्यांची, उपासना, समोर काळवंडलेल्या भिंतींच्या खोलीत सुरियानी, म्हणजे सीरियाच्या जुन्या पंथाच्या, लोकांची (त्या भिंती दुरुस्त होत नाहीत, कारण खोली कुणाची यावर आर्मेनियनांशी वाद), पलीकडे ग्रीकांचं गायन, आणि मध्येच फ्रान्सिस्कनांचा, म्हणजे कॅथलिक साधूंचा, ऑर्गन असा घुमला की बाकी सगळे नुसते ओठ हलवताना दिसू लागले. दीड तास रांगेत उभं राहून कबरेत पोचलो. डोळे मिटतोय तोच बाहेरून एक धर्मगुरू खेकसला, "चला, चला!"

"काही मागितलंस का?" हिने विचारलं.

"चष्मा पुसत होतो."

मग चिडचिड सुरू झाली ती दिवसभर. या चर्चचे सहा वाटेकरी: ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आर्मेनियन हे मोठे, कॉप्टिक, इथिओपियन आणि सुरियानी हे धाकटे. कुठला दिवा कुणाचा, कुठली पायरी कुणी झाडायची, हे ओटोमन सुलतानाच्या १८५२च्या फर्मानाने जसं होतं तसं गोठवलंय. २००२मध्ये छपरावर बसणाऱ्या एका कॉप्टिक साधूने ऊन लागतं म्हणून खुर्ची सावलीत सरकवली, तर मारामारीत अकरा जण दवाखान्यात गेले! बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ परवडले. दाराच्या वर, खिडकीखाली, एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकून उभी आहे. काढायची कुणी, हेच ठरत नाही. आमच्या प्रोटेस्टंटांना तर इथे हक्काचा कोपराही नाही. त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं.

खरं तर कबरेवरची १८१०ची वास्तू खचत चालली होती. १९४७मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांनी आवळून ठेवलं, ते तसंच राहिलं. शेवटी २०१६मध्ये तिघा मोठ्यांनी दुरुस्तीला एकत्र होकार दिला आणि पुढच्या मार्चपर्यंत काम झालं, तुळयाही निघाल्या. डोक्यावर कोसळायची वेळ आल्यावर का होईना, जमलं.

संध्याकाळी परत गेलो ते फक्त दार बंद होताना फोटो काढायला. दाराची किल्ली जूदेह या मुस्लीम घराण्याकडे असते आणि कुलूप लावायचं काम नुसैबेह या दुसऱ्या मुस्लीम घराण्याकडे, शतकानुशतकं. दार ओढून घेतलं. एक माणूस छोट्या शिडीवर चढला, वरचं कुलूप लावलं, उतरला. मग दारातल्या लहान झरोक्यातून ती शिडी आत सरकवली. आतून कुणीतरी ओढून घेतली, झरोका बंद.

फोटो काढायचा राहिला. ग्रीक, आर्मेनियन, फ्रान्सिस्कन, सगळे आत. मध्यरात्रीनंतर ते ठरलेल्या क्रमाने आपापली उपासना करतात. कुणी कितीही रुसलं तरी पहाटेपर्यंत बाहेर पडायची सोय नाही, कारण किल्ली बाहेर आहे. आणि बाहेरच्याला उघडायचं तर शिडी आत आहे. भल्या पहाटे रोज कुणीतरी ती झरोक्यातून बाहेर द्यावीच लागते. वरची शिडी हलत नाही आणि ही रोज ये-जा करते. मी तिथेच उभा राहिलो. चौक रिकामा झाला, झाडूवाला आमच्या पायांपाशी येऊन थांबला.

"रात्रभर भांडत असतील का रे?" हिने विचारलं.

"भांडत असतील."

"आणि तुम्ही प्रोटेस्टंट?"

"आम्ही बाहेर. तुझ्याबरोबर."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही दमास्कस दरवाज्याकडे निघालो.