छाटणीपासून पुढे, काढणीपासून मागे

नाशिकमध्ये शालिमारजवळच्या एका गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, शाळांच्या स्मरणिका, आणि निवडणूक लागली की दोन महिने झोप नाही. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार गटाचे सचिव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते "औषधांचा एक तक्ता करून पाहिजे" म्हणत आले तेव्हा मी मनात दीड तास धरला होता. गेले दोन हंगाम.

अण्णांनी टेबलावर झेरॉक्सची चळत ठेवली. निर्यातीच्या द्राक्षांवर कोणती औषधं चालतात त्याची ही यादी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची. बागायतदारांच्या तोंडी तिचं नाव 'अनेक्शर फाइव्ह'. बारीक इंग्रजी अक्षरं, एकाला एक चिकटलेले रकाने: औषधातला घटक, रोग किंवा कीड, मात्रा, एमआरएल, पीएचआय. एमआरएल म्हणजे मालात औषधाचा अंश जास्तीत जास्त किती चालेल ती मर्यादा. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि माल काढणी यांच्यात सोडायचे दिवस. काही औषधांना आठवडा पुरतो, काहींना दोन महिन्यांहून जास्त लागतात. ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. २०१० साली सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे, अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. त्या वर्षाचा विषय निघाला की अण्णा अजूनही चहा तसाच ठेवतात.

पहिला तक्ता मी माझ्या पद्धतीने केला. वर द्राक्षाचा घड, मागे हिरवी छटा, औषधं अकारविल्हे, प्रत्येकापुढे छोटं चित्र. पीएचआय कमी असेल तर हिरवा ठिपका, मध्यम तर पिवळा, जास्त तर लाल. गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. "एक नंबर!" "सर, भारी!" मी बिल पाठवायच्या तयारीत होतो.

अण्णाच म्हणाले, छापण्याआधी एकदा गावात येऊन दाखवा. गेलो. ओट्यावर दहा-बारा जण. मी विचारलं, "समजलं का?" सगळे म्हणाले, समजलं. (पाहुण्याला 'नाही समजलं' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.) तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या अण्णांच्या सूनबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. फवारणीची नोंदवही त्याच लिहितात. म्हणाल्या, "दादा, आमचा खालचा प्लॉट आज अठ्ठ्याण्णव दिवसांचा झाला. मग हे मारायचं का नाही?"

मी माझ्याच तक्त्याकडे बघत राहिलो. तिथे त्या औषधापुढे लिहिलं होतं '३०'. आणि पिवळा ठिपका. उत्तर नव्हतं.

घरी येताना म्हसरूळपर्यंत डोक्यात तेच. मग उलगडलं. बागायतदार दिवस मोजतो गोडी छाटणीपासून, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीपासून. सगळा हिशेब त्यावरच: इतक्या दिवसांनी डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), इतक्या दिवसांनी मण्यात पाणी उतरणार. कोणालाही विचारा, तारीख सांगणार नाही, "प्लॉट सत्तर दिवसांचा आहे" म्हणेल. आणि पीएचआय मोजायचा काढणीपासून मागे. एक मोजणी पुढे जाते, दुसरी उलटी येते, आणि दोन्हींची गाठ कुठे पडते ते काढायचं काम मी त्या माणसावर टाकलं होतं. तेही कधी? फेब्रुवारीत रात्री आभाळ भरून आलंय, डाउनी रोगाची भीती, ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, टाकी भरायची वेळ, हातात मोबाइलची बॅटरी. अशा वेळी वजाबाकी चुकणारच.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी कळली, ती रंगांची. एका काकांनी एका औषधाकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्याला तुम्ही लाल केलंय, पण बाटलीवर तर हिरवा आहे." आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटलीवर विषारीपणाचा त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो माणसाला होणाऱ्या अपायाचा दर्जा आहे, काढणीच्या दिवसांशी त्याचा काही संबंध नाही. पण हिरवा त्रिकोण म्हणजे 'बिनधास्त, कधीही' असं समजणारे त्या ओट्यावर एकाहून जास्त निघाले. लाल-हिरव्याला अर्थ आधीच चिकटलेला होता आणि मी त्यावर दुसरा अर्थ चढवायला गेलो होतो. शिवाय हा तक्ता पुढे झेरॉक्स होऊनच फिरणार, तिथे लाल, हिरवा, पिवळा सगळे करडे. रंग काढून टाकले. बंद दिवस काळे पट्टे, चालू दिवस पांढरे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी वाचता येतं.

खरी कटकट झाली गटाच्या कृषी सल्लागारांशी. त्यांना एमआरएलचा रकाना हवाच होता. "शास्त्रीय माहिती अर्धवट कशी द्यायची?" त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण एमआरएल तपासतं प्रयोगशाळेतलं यंत्र. बागेत उभ्या माणसाला मिलिग्रॅम मोजता येत नाही, दिवस मोजता येतात. मी त्यांना लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा दाखवला. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने तो १९३१ साली काढला, १९३३ साली छापला गेला. त्याने रस्ते, अंतरं, वळणं सोडून दिली. फक्त स्टेशनांचा क्रम ठेवला आणि गाडी कुठे बदलायची ते ठेवलं, कारण जमिनीखालच्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे ते कळून उपयोग नसतो. साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे रेल्वेला ठीक आहे." शेवटी तडजोड झाली. एमआरएल मागच्या बाजूला. माझ्या मते तो तिथेही नको होता.

अडलं होतं ते उलट्या मोजणीपाशी. प्रत्येक दिवसासाठी वेगळा तक्ता करता येईना, कारण काढणीचा दिवस प्रत्येकाचा वेगळा. गोडी किती भरली, व्यापारी कधी आला, भाव काय फुटला, त्यावर तो ठरतो. उत्तर दुकानातच सापडलं. पत्रिकांच्या नमुन्यांत एक ओढायची पत्रिका होती: बाहेर पाकीट, आतला कागद सरकवला की खिडकीत मजकूर बदलतो. माझ्याकडची सगळ्यात न खपणारी पत्रिका.

वर स्थिर पट्टी, तिच्यावर छाटणीपासूनचे दिवस. खाली सरकती पट्टी, तिच्या उजव्या टोकाला बाण: 'माल काढणी'. बाणापासून डावीकडे प्रत्येक औषधाचा काळा पट्टा, त्याच्या पीएचआयएवढा लांब. बाण आपल्या काढणीच्या दिवसावर लावायचा, मग वरच्या पट्टीवर आजचा दिवस शोधून सरळ खाली बघायचं. काळं दिसलं तर बंद. वजाबाकी कागदाने केली.

या वेळी "समजलं का" विचारलंच नाही. पट्टी हातात दिली आणि प्रश्न टाकला: "प्लॉट अठ्ठ्याण्णवचा, माल एकशे पस्तीसला, तीस दिवसांचं औषध. मारायचं?" बाण १३५ वर, काळा पट्टा १०५ पासून, ९८ मोकळा. मारायचं. मग मी म्हटलं, "आता व्यापारी आला, म्हणतो एकशे पंचवीसला माल द्या." त्यांनी बाण सरकवला. काळा पट्टा ९५ वर आला आणि अठ्ठ्याण्णवच्या खाली काळं आलं. ओट्यावर एकदम शांतता. "म्हणजे मारून बसलो तर..." कोणीतरी म्हणालं आणि वाक्य सोडून दिलं. त्यांच्याच चर्चेतून ठरलं की बाण नेहमी लवकरात लवकर काढणी धरूनच लावायचा. ती ओळ मी बाणाच्या शेजारी ठळक टाकली. सबंध पट्टीवरची सगळ्यात उपयोगाची ओळ, आणि ती माझी नाही.

औषधं रोगाप्रमाणे लावली: डाउनी, भुरी, करपा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण. कोणी अकारविल्हे शोधत नाही, पान उलटून बघतो आणि मग शोधतो. पानांची चित्रं मी काढली होती, त्यांवर इतकं हसले सगळे की ती गेली.

आकड्यांवर मात्र मी अडून होतो. मराठी तक्ता, मराठी आकडे. पण गोडाउनमध्ये चार हातांवरून मराठी १ आणि ९ सारखेच दिसतात हो. आणि बाटलीवर, पंपावर, मोबाइलवर सगळीकडे इंग्रजीच आकडे. शेवटी पट्टीवर तेच टाकले. मला अजून खुपतं.

एक अडचण सुटली नाही. बाटलीवर कंपनीचं नाव मोठं आणि आतल्या घटकाचं नाव मुंगीएवढं. एकच घटक कितीतरी नावांनी विकला जातो. सगळी नावं छापणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक घटकापुढे एक रिकामी चौकट सोडली. हाताने लिहा म्हटलं.

छपाईतही ठेच लागली. पट्टी काळी-पांढरी असली तरी गटाच्या हट्टासाठी वर लाल शीर्षक दिलं होतं. शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात ते एका हंगामात फिकट गुलाबी झालं, काळं तसंच. दुसऱ्या वर्षी लाल गेलं. यादी दर हंगामाला बदलते म्हणून सरकती पट्टी स्वस्त कार्डवर, वर्ष ठळक छापून. सनबोर्डचं पाकीट तेच राहतं.

गेल्या महिन्यात नवीन पट्टी द्यायला अण्णांकडे गेलो. जुनी गोडाउनच्या दाराआड खिळ्याला टांगलेली, औषधाच्या डागांनी भरलेली. माझ्या रिकाम्या चौकटींत काहीच लिहिलेलं नव्हतं. सूनबाईंनी प्रत्येक बाटलीच्या लेबलवरचं नाव कात्रीने कापून तिथे चिकटवलं होतं, कंपनीच्याच अक्षरांत, कंपनीच्याच रंगांत. बाटली शेजारी धरली की जुळतंय का ते दिसतं.

मी म्हटलं, "ताई, ही जुनी मला नेऊ द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

"फोटो काढा ना दादा," त्या म्हणाल्या. "नवीनवर चिकटवायला मला हीच बघून लागतील."