माउथ ऑर्गनवर भूप: पहिला महिना

मी घेतला तो दहा भोकांचा, सी पट्टीचा, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एकचा. दुकानात तोंड लावू देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. काउंटरवर छोटा भाता असतो, त्यावर दहाही भोकं दोन्हीकडून, म्हणजे हवा सोडून आणि ओढून, वाजवून घ्या. रीड, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या धातूच्या पात्या, एकूण वीस. चोवीस भोकांचा, ट्रेमोलो नावाचा प्रकार कानाला गोड लागतो, पण त्यात प्रत्येक स्वराला दोन रीड किंचित वेगळ्या सुरात असतात, त्यामुळे आपला सूर स्वच्छ कळत नाही. तो नंतर.

सुरुवात चौथ्या भोकापासून करायची, कारण खाली पहिल्या तीनमध्ये म आणि ध थेट मिळतच नाहीत. ४ फुंकला की सा, ओढला की रे. ५ वर ग आणि म. ६ वर प आणि ध. सातव्यावर घोळ होतो: तिथे आधी ओढून नी आणि मग फुंकून वरचा सा. सरगम म्हणताना सगळे इथेच अडखळतात. म्हणून मी पहिली धून भूप रागाची धरली. त्यात म आणि नी नाहीत, म्हणजे ती उलटी उडीच नाही.

४, ओढ ४, ५, ६, ओढ ६, ७ (नुसता आकडा म्हणजे फुंकून). झाला आरोह.

पहिला आठवडा मात्र नुसता एकेक सूर सुटा काढण्यात गेला. फुंकताना शेजारचं भोक वाजलं तरी कळत नाही. सा, ग, प एकत्र वाजले तर बरंच वाटतं. खोट उघडी पडते ती ४ ओढल्यावर: बाजूचे नी आणि म मिसळून कर्कश आवाज येतो. तेव्हा ओठ शिट्टीसारखे आवळू नका. वाद्य आत घ्या, ओठ सैल ठेवा आणि वाद्य थोडं डावी-उजवीकडे सरकवून पाहा. हवा पोटातून, गाल फुगवून नाही. भूपात फुंकीचे स्वर चार आणि ओढीचे दोनच, त्यामुळे दम लवकर संपतो. रे आणि ध येतील तेव्हा मनसोक्त भरून घ्या. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं पुरे, शेजाऱ्यांनाही तेवढंच सोसतं.

वाजवण्याआधी चूळ भरणं सक्तीचं. बाकरवडीतली खसखस रीडमध्ये अडकली की तो स्वर मुका होतो. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर आपटायचं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तर डबी लगेच बंद करू नये. भोकं असलेली मधली पट्टी लाकडी असेल तर वाद्य पाण्याखाली धरू नका, ती फुगते.

तिसऱ्या आठवड्यात एक अडचण आली. भूपाच्या अनेक बंदिशी सा-खालच्या ध वर उतरतात, आणि तो चौथ्याच्या खाली नाही. उपाय: सा सातव्यावर धरा. खालचा ध सहाव्यावर ओढून मिळतो, रे आणि ग आठव्यावर, प नववा फुंकून, ध दहावा ओढून. आवाज चिरका, आणि आठव्यावर रे ओढून, ग फुंकून, हे हाताला नाही, श्वासाला नव्याने शिकवावं लागतं.