पोटॅशवर ५ किलोव्होल्ट: प्रयोगाची ताजी नोंद

पोटॅशमधल्या किरणोत्सारी पोटॅशिअम-४० च्या ऱ्हासाचा वेग विद्युतक्षेत्राने बदलतो का, हे पाहायला अखेर उच्च विद्युतदाब जोडला. म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशिअम क्लोराइडचं खत) कृषी सेवा केंद्रातून आणलं, खलात कुटलं, कडकडीत वाळवलं आणि दोन ॲल्युमिनिअम फॉइलांमध्ये ५ मिलिमीटरचा थर पसरला. खालच्या फॉइलला १० मेगाओहमच्या रोधकातून ५ किलोव्होल्ट, वरची अर्थ केलेली. किरणोत्साराचे कण मोजणारी गायगर नळी वरच्या बाजूला, म्हणजे तिला उच्चदाबाची झळ लागत नाही. ही अर्थिंगची गोष्ट सोडू नका. नाहीतर बदल नळीत होतो आणि आपण तो केंद्रकाच्या नावावर मांडतो.

थरातलं क्षेत्र मीटरला १० लाख व्होल्ट. ऐकायला दांडगं वाटतं, पण हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनवर प्रोटॉनचं जे क्षेत्र असतं ते याच्या ५ लाख पट. मग आशा कशाची? इलेक्ट्रॉनची. काही केंद्रकांचा ऱ्हास भोवतालच्या इलेक्ट्रॉनवर अवलंबून असतो. जपानमध्ये २००४ साली बेरिलिअम-७ फुलरीनच्या, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या, पिंजऱ्यात कोंडल्यावर त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) धातूतल्यापेक्षा सुमारे ०.८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. जर्मनीत डार्मस्टाटला रेनिअम-१८७ चे सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर सुमारे ४,२०० कोटी वर्षांचं अर्धायुष्य ३३ वर्षांवर आलं! हे वाचल्यापासून मी या विषयाला चिकटून आहे.

आतापर्यंत दाब चालू आणि बंद यांतला फरक अनिश्चिततेच्या आतच आहे. ०.१ टक्क्याची अनिश्चितता गाठायलाच १० लाख कण मोजावे लागतात, त्यामुळे घाई नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बीटा कण, म्हणजे ऱ्हासात केंद्रकातून निघणारे इलेक्ट्रॉन, विद्युतभारित, त्यामुळे क्षेत्र त्यांना ५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत पुढे-मागे ढकलतं. थराच्या खोलातून जेमतेम बाहेर पडणारे कण त्याने वाढतात वा घटतात. म्हणून ध्रुवता (दाबाची धन-ऋण बाजू) उलटवून मोजतोय. भुकटीतले स्फटिक सगळ्या दिशांना विखुरलेले, तेव्हा ऱ्हासावरचा खरा परिणाम ध्रुवता उलटली तरी तसाच राहायला हवा. ढकलण्याचा परिणाम चिन्ह बदलेल.

पुढे सिंटिलेटर, म्हणजे किरण पडला की चमकणारा स्फटिक, घेणार. पोटॅशिअम-४० चे सुमारे ११ टक्के ऱ्हास इलेक्ट्रॉन पकडून होतात आणि १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण त्याच वाटेने येतो. त्याला भार नाही, क्षेत्र त्याला वळवू शकत नाही. आणि इलेक्ट्रॉनवर अवलंबून असलेली वाटही नेमकी हीच. बीटा अडवायला मध्ये ४ मिलिमीटरचा ॲल्युमिनिअम पत्रा टाकेन. कुणाकडे वापरलेला सोडिअम आयोडाइडचा स्फटिक असेल तर जरूर कळवा.