उंदरांची गोठवलेली लाइन परदेशातून मागवताना: माझा अनुभव

उंदरांचं आयव्हीएफ शिकता येतं. जीन एडिटिंगही आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते विमानतळाच्या कार्गो शेडमधून ड्राय शिपर (गोठवलेलं वीर्य आणायचं भांडं) थंड असेपर्यंत बाहेर काढणं. प्रोटोकॉल ढिगाने मिळतात, पण शेडबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही. त्यामुळे या लेखात शेडलाच जास्त जागा गेली आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

लाइन, म्हणजे ठरावीक जनुकीय बदल असलेला उंदरांचा वंश, मागवायची कशाला, इथेच का नाही बनवायची? साधा नॉकआउट (एखादं जनुक बंद पाडलेला उंदीर) हवा असेल तर जरूर बनवा. फलित बीजांडात कॅस9 हे डीएनए कापणारं प्रथिन आणि त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) सोडले की पहिल्याच पिढीत बदल सापडतात. मात्र ही पिल्लं मोझेइक असतात: एकाच पिल्लाच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे बदल. शेपटीच्या पीसीआरवर विसंबू नका. त्यांचं साध्या उंदरांशी प्रजनन करून पुढच्या पिढीचं सिक्वेन्सिंग करा आणि तीच पिढी खरी धरा. कंडिशनल नॉकआउटची, म्हणजे जनुक हव्या त्या ऊतीत किंवा हव्या त्या वेळीच बंद करण्याची, गोष्ट वेगळी. तिथे एक्सॉनच्या (जनुकाच्या एका तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना, आणि तेही एकाच गुणसूत्रावर, लॉक्सपी (नंतर कापायच्या जागेच्या खुणा) बसावे लागतात. दोन गाइड आणि दोन छोटे ऑलिगो (डीएनएचे तुकडे) घेऊन हे कितपत जमतं ते बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून तपासलं होतं. 2019 मध्ये छापून आलेलं यश एक टक्क्याच्याही खाली होतं. आम्हाला हव्या असलेल्या जनुकाची टीएम1ए (बदलाचा एक प्रकार) लाइन आंतरराष्ट्रीय नॉकआउट मोहिमेत आधीच झालेली होती आणि तिचं वीर्य परदेशातल्या रिपॉझिटरीत (अशा लाइन जपणाऱ्या संस्थेत) गोठवलेलं होतं. मग कशाला हात पोळून घ्यायचे?

जिवंत उंदीर मागवण्याच्या मी विरोधात आहे. त्यांच्याबरोबर माउस हेपटायटिस व्हायरस आणि पिनवर्मही येऊ शकतात. वीर्यावरून आयव्हीएफ करून स्वच्छ सरोगेट मादीत भ्रूण वाढवले, तर बहुतेक रोगजंतू मागेच राहतात.

आयएईसीचा (संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीचा) फॉर्म बी आणि आयबीएससीची (जैवसुरक्षा समितीची) मंजुरी रीतसर झाली. फॉर्म बी भरताना फक्त नव्या लाइनचे उंदीर मोजू नका. बीजांडं देणाऱ्या माद्या, नसबंदी केलेले नर आणि सरोगेट माद्या हेही त्याच आकड्यात धरावे लागतात.

आता शेड.

ड्राय शिपरमध्ये सांडेल असा द्रव नायट्रोजन नसतो. भिंतीतल्या शोषक पदार्थात तो मुरवलेला असतो आणि मधल्या पोकळीत तापमान उणे 150 अंशांच्या खाली राहतं. लहान शिपरची मुदत साधारण दहा दिवसांची, तीही तो उभा असेल तर. आडवा केला की नायट्रोजन भराभर उडतो. आतलं तापमान उणे 130 च्या बरंच वर गेलं की बर्फाचे स्फटिक वाढू लागतात आणि शुक्राणूंची पटलं फाटतात. मग पुन्हा थंड करून उपयोग नाही. चीड आणणारी गोष्ट ही की बाहेरून स्ट्रॉ (वीर्य भरलेली बारीक नळी) अगदी जसाच्या तसा दिसतो.

हे घड्याळ चालू असताना पहिली अडचण आली वर्गीकरणाची. वीर्य म्हटलं की काउंटरवर कस्टम्सच्या यादीतला गोवंशीय वीर्याचा मथळा उघडला जातो: 0511 10. त्यावरून पशुसंवर्धनासाठी आणलेल्या सिमेनची कागदपत्रं मागितली गेली. उंदराचं वीर्य त्या मथळ्यात येत नाही, ते 0511 99 खाली जातं. हे तिथे उभं राहून समजावत बसण्यात अर्थ नाही, समोरच्याला ते ऐकायची सवड नसते. माल निघण्याआधीच सीएचएकडून (कस्टम्सच्या एजंटकडून) बिल ऑफ एंट्रीचा (आयातीच्या कस्टम्स अर्जाचा) मसुदा मागवा, त्यातला वर्गीकरणाचा आकडा स्वतः वाचा, आणि संस्थेच्या लेटरहेडवर एक परिच्छेद तयार ठेवा: हे प्रयोगशाळेतल्या उंदराचं वीर्य आहे, संशोधनासाठी आहे, गुरांच्या पैदाशीसाठी नाही, विक्रीसाठीही नाही.

दुसरी अडचण वर्णनाची. आयबीएससीच्या पत्रात ‘नॉकआउट माउस लाइन’, इन्व्हॉइसवर ‘फ्रोझन जर्मप्लाझम’, एअर वेबिलवर ‘बायोलॉजिकल मटेरियल’, आणि परदेशी पशुवैद्याच्या आरोग्य दाखल्यावर ‘क्रायोप्रिझर्व्ड स्पर्म’. आपल्याला चारही एकच वाटतात. अ‍ॅनिमल क्वारंटाइनची एनओसी देणाऱ्याला ते चार वेगळे माल दिसतात, आणि कागदापुरतं बोलायचं तर त्याचं चूक म्हणता येत नाही. त्यात भर म्हणजे अ‍ॅलीलचं, म्हणजे जनुकाच्या बदललेल्या रूपाचं, नाव. टीएम1ए हे जनुकाच्या नावापुढे वर, लहान अक्षरांत लिहितात. इन्व्हॉइस छापणाऱ्या सॉफ्टवेअरने ते सरळ ओळीत चिकटवून टाकलं, मंजुरीपत्रात ते वर होतं, झालं, नाव जुळत नाही. यावर उपाय एकच: रिपॉझिटरीचा स्टॉक नंबर प्रत्येक कागदावर, आणि वर्णनाचं एकच वाक्य सगळीकडे हुबेहूब. ते वाक्य आपण लिहून रिपॉझिटरीला पाठवायचं. तिथली माणसं बदल करून देतात, फक्त माल निघण्याआधी सांगावं लागतं.

इन्व्हॉइसवर ‘नो कमर्शियल व्हॅल्यू’ एवढंच लिहून चालत नाही. कस्टम्सपुरती काहीतरी किंमत लागते, आणि स्ट्रॉ व शिपर यांची किंमत वेगवेगळी लागते. शिपर आपला नसतो, रिकामा करून परत पाठवायचा असतो. टिकाऊ कंटेनरला कस्टम्सच्या अधिसूचनेखाली शुल्कमाफी आहे, पण सहा महिन्यांत पुन्हा निर्यात करण्याचा बॉण्ड भरून. बॉण्डवर संस्थेच्या अधिकृत माणसाची सही हवी, आणि तो माणूस नेमका दौऱ्यावर असतो. सही आधी घेऊन ठेवा. शिपर परत गेला की बॉण्ड रद्द करून घ्यायलाही विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तोच कागद आडवा येतो.

तिसरी अडचण नायट्रोजनची. द्रव नायट्रोजन धोकादायक माल म्हणून यूएन 1977 खाली येतो. द्रव पूर्ण मुरलेल्या ड्राय शिपरला मात्र आयएटीएची (विमान कंपन्यांच्या संघटनेची) ए152 ही विशेष तरतूद लागू होते आणि तो निर्बंधमुक्त ठरतो. हे एअर वेबिलवर लिहिलेलं नसेल तर खोका धोकादायक मालाच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथून हलवायला आणखी एका टेबलाची सही लागते.

आणि झाकण. तपासणीसाठी ते उघडा म्हणतात. उघडायचंच असेल तर आपला माणूस समोर हवा. क्षणभर उघडून लगेच बंद केलं तर काही बिघडत नाही, पण आतला स्ट्रॉचा डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला तर लाइन संपली. झाकणावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चिठ्ठी लावा: उभं ठेवा, डबा बाहेर काढू नका. शेडमध्ये नायट्रोजन नेऊन शिपर भरणं सहजासहजी होत नाही. टॉप-अप कोण करणार आणि कुठे, हे कुरिअर कंपनीबरोबरच्या करारातच लिहून घ्या. माल तिकडून सोमवारी निघू दे. आपल्या गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या त्यांना कळवा, त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या आपण पाहा.

शिपर हातात आल्यावर आधी वजन करा. निघतानाचं वजन त्यांच्याकडून लिहून घेतलेलं असलं पाहिजे. फरक म्हणजे उडालेला नायट्रोजन: एक किलो म्हणजे जवळपास सव्वा लिटर. तापमान नोंदवणारा डेटालॉगर मागितला तर रिपॉझिटरी बहुधा देते. त्याचे पैसे वाचवू नका.

स्ट्रॉ आपल्या टाकीत गेल्याशिवाय बीजांडं देणाऱ्या माद्यांना पीएमएसजी (बीजांडं वाढवणारं हार्मोन) टोचू नका. माल ‘उद्या सुटतोय’ या भरवशावर हार्मोन देणं म्हणजे वाया घालवलेल्या माद्या. पीएमएसजी 5 आययू, 48 तासांनी एचसीजी (बीजांडं सुटायला लावणारं हार्मोन) 5 आययू, त्यानंतर 13 ते 15 तासांत बीजवाहिन्या काढायच्या. सी57ब्लॅक6 या नेहमीच्या वंशाचे शुक्राणू गोठवणीत फार हाल सोसतात आणि जुन्या पद्धतीने फलन अगदी कमी मिळायचं. मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातलेल्या माध्यमात शुक्राणू आधी अर्धा ते एक तास ठेवले आणि बीजांडांच्या एचटीएफमध्ये (फलनाच्या माध्यमात) 1 मिलिमोलर रिड्यूस्ड ग्लुटाथायोन घातलं की चित्र बदलतं. ग्लुटाथायोन त्याच दिवशी ताजं करा. स्ट्रॉ टाकीतून थेट 37 अंशांच्या पाण्यात, मध्ये हवेत धरून लेबल वाचत बसायचं नाही. लेबल आधीच, नायट्रोजनच्या वाफेत वाचा. नवं मिनरल ऑइल आलं असेल तर आधी साध्या उंदराच्या ताज्या वीर्यावर तपासा. खराब तेलाने सगळी मेहनत पाण्यात जाते आणि दोष मात्र स्ट्रॉला मिळतो. दुसऱ्या दिवशी दोन पेशींचे भ्रूण मोजून सरोगेटच्या बीजवाहिनीत.

पिल्लं आली की पहिलं काम पुन्हा गोठवणं, प्रयोग नंतर. कागदांचा हा खेळ दुसऱ्यांदा खेळायची माझी तयारी नाही. 10 ते 16 आठवड्यांचे एकाहून अधिक नर घ्या. गोठवणीचं द्रावण: 18 टक्के रॅफिनोज आणि 3 टक्के स्किम मिल्क, सेंट्रिफ्यूज करून नितळ केलेलं. पाव मिलीच्या स्ट्रॉमध्ये भरून दहा मिनिटं नायट्रोजनच्या वाफेत, मग द्रवात. प्रत्येक नराचा एक स्ट्रॉ वितळवून आयव्हीएफ करून पाहिल्याशिवाय पिंजरे रिकामे करू नका. उरलेले स्ट्रॉ दोन टाक्यांत, दोन वेगळ्या इमारतींत. ज्या लाइनमध्ये दोन-तीन बदल एकत्र टिकवायचे आहेत, तिचं वीर्य ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक शुक्राणूत ते वेगवेगळे वाटले जातात. तिथे भ्रूण गोठवा.

टीएम1ए मागवलं की फ्लॉक्स्ड (कंडिशनल नॉकआउटला तयार) उंदीर मिळाले असं नव्हे. फ्लिप (जादा तुकडा कापून काढणारं एन्झाइम) असलेल्या उंदरांशी प्रजनन केल्यावर टीएम1सी होतं, आणि खऱ्या अर्थाने कंडिशनल तेच. शिवाय या मोहिमेच्या ईएस (भ्रूणातल्या मूळ) पेशी ब्लॅक6एन या उपवंशाच्या आहेत. बीजांडं ब्लॅक6जे या दुसऱ्या उपवंशाची घेतलीत तर एनएनटी जनुकाच्या बाबतीत पिल्लं मिश्र होतात, चयापचयावर काम असेल तर हे नडतं. डोळ्यांवर काम असेल तर एन मधला आरडी8 हा जनुकीय बदल पीसीआरने आधी तपासा, कारण त्याच्यामुळे रेटिनावर उमटणारे डाग आपल्या जनुकाच्या नावावर खपतात.