शास्त्रीजींच्या घरातली फियाट

लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना दिल्लीत जिथे राहत होते, तिथे आज त्यांच्या स्मृतींचे संग्रहालय आहे. राजधानीतल्या इतर नेत्यांच्या स्मारकांइतका बोलबाला याचा नाही, मात्र मला ते मनापासून आवडले.

इथे येणारा प्रत्येक जण रेंगाळतो तो फियाट गाडीपाशी. फिकट क्रीम रंगाची, डीएलई ६ क्रमांकाची ही गाडी घ्यायला बारा हजार रुपये हवे होते आणि घरात सातच हजार होते, म्हणून देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. ते फिटण्याआधीच ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये त्यांचे निधन झाले आणि उरलेली रक्कम त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून चुकती केली. ही हकीकत ठाऊक असूनही प्रत्यक्ष गाडी पाहताना मला भरून आले. एवढ्या मोठ्या पदाच्या मानाने किती लहानशी गाडी ही!

तरीही एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. शास्त्रीजींचा साधेपणा आपण इतका डोक्यावर घेतला आहे की त्याआड त्यांची कर्तबगारी झाकली जाते. अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर १९५६ साली दिलेला रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा सगळ्यांना सांगता येतो. पण जेमतेम १९ महिन्यांच्या कारकिर्दीत त्यांनी काय उभे केले, हे किती जणांना सांगता येईल? देशात धान्याची टंचाई असताना त्यांनी सी. सुब्रमण्यम यांच्याकडे अन्न व कृषी खाते सोपवले आणि नव्या वाणांच्या शेतीमागे आपले वजन उभे केले. भारतीय अन्न महामंडळ १९६५ सालचेच. आदल्या वर्षी ते आणंदला गेले, खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले, सहकारी दूधसंस्था कशी चालते हे त्यांनी गावकऱ्यांकडून समजून घेतले; आणि हीच रीत देशभर न्यावी या त्यांच्या आग्रहातून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जन्माला आले. सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहनही त्यांनी आधी स्वतःच्या घरात अमलात आणले, मगच देशाला केले.

पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या काळातही हाच माणूस दिसतो. सप्टेंबर १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने सैन्य पाठवण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तेव्हा संरक्षणमंत्रिपदी आपले यशवंतराव चव्हाण होते. ज्याला अनेकांनी मवाळ समजले होते, त्याने केवढी मोठी जोखीम पत्करली होती! युद्धात जिंकलेली हाजी पीर खिंड परत करायला लावणाऱ्या ताश्कंद करारावर पुढे देशात कडक टीका झाली, पण सही केल्यानंतर काही तासांतच त्यांचा मृत्यू झाल्याने त्या कराराची बाजू संसदेत स्वतः मांडण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.